गवतात शिरणारी

फेब्रुवारीतल्या एका सकाळी आई आणि मी लंडनजवळच्या स्टॅनमोरहून ब्रिस्टलला गेलो. आईच्या अलॉटमेंटची किल्ली परत द्यायची होती. अलॉटमेंट म्हणजे कौन्सिलनं भाजीपाला लावायला दिलेली जमिनीची एक पट्टी. शेजारी-शेजारी अशा साठ-सत्तर पट्ट्या, मध्ये गवताच्या पाऊलवाटा आणि प्रत्येकीवर एकेक लाकडी शेड. आईनं तिची पट्टी चाळीसहून जास्त वर्षं सांभाळली. माझ्याकडे राहायला आल्यावरही ती म्हणत राहिली, की उन्हाळ्यात जाऊ, लसूण काढू. या हिवाळ्यात मात्र तिच्या गुडघ्यांनी साफ नकार दिला.

कौन्सिलचा माणूस वेळेवर आला, किल्ली घेऊन गेला. दोन मिनिटांचं काम. आई म्हणाली, "जरा थांबू या." मी तिच्यासाठी उलटी बादली ठेवली, त्यावर तिची शाल घडी करून ठेवली. गवतावर दव गोठलेलं. मागच्या भिंतीवरची आयव्हीची वेल तेवढी हिरवीगार. आणि त्या आयव्हीच्या आतून आवाज आला: टक्, टक्. दोन गारगोट्या एकमेकींवर आपटाव्यात तसा, कोरडा आणि नेमका.

आई म्हणाली, "आहे वाटतं अजून."

पक्षी दिसला नाही. पण मला त्याचं नाव आठवलं, अख्खं, एका दमात. आणि त्या नावामागून पॅराफिनच्या, म्हणजे रॉकेलच्या, हीटरचा वास आला.

तो वास हानाच्या शेडमधला. हाना आमच्या शेजारच्या पट्टीवर असायची. तिचं पूर्ण नाव हानेलोरे, पण ते ब्रिस्टलमध्ये कोणालाच नीट म्हणता यायचं नाही, म्हणून हाना. मी तिला हाना आंटी म्हणायचे. तेव्हा मी नऊ वर्षांची होते आणि ती साठीची. उंच, हाडं मोठी, पुरुषी कोट कमरेला सुतळीनं बांधलेला. युद्ध संपल्यावर एका इंग्रज सैनिकाशी लग्न करून ती या देशात आली होती. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा ग्रॅहम दर रविवारी यायचा, तिची जड कामं करून द्यायचा. एवढंच आम्हाला तिच्याबद्दल माहीत होतं. ती जर्मन होती हेसुद्धा आईला वर्षभरानं कळलं, कारण हानाचं इंग्रजी थेट ब्रिस्टलच्या बाजारातलं होतं.

आई हॉस्पिटलमध्ये डॉक्टर. बाबाही डॉक्टर, पण त्यांची नोकरी दूरच्या गावी, ते शनिवारी रात्री यायचे आणि सोमवारी पहाटे जायचे. त्यामुळे शनिवारचा दिवस आईचा आणि माझा, आणि तो आम्ही प्लॉटवर घालवायचो. आई खणायची. मी तिला गांडुळं दाखवायचे. उन्हाळ्यात मेथी यायची, ओल्या मातीसकट उपटलेली, तिचा कडसर वास गाडीभर व्हायचा. हिवाळ्यात कांद्याच्या जातीचे लीक्स आणि कोबी, शेणखताची वाफ, बोटं सुन्न. खूप गार झालं की हाना आपल्या शेडचं दार ढकलून म्हणायची, "आत या दोघी." आत हीटरची निळी ज्योत, ताटलीत कांद्यांच्या साली, बडीशेप घातलेली कडक बिस्किटं. आई आणि ती टोमॅटोच्या रोगांबद्दल बोलायच्या. त्यापलीकडे दोघी फारशा जात नसत.

त्या दिवसांत आमच्या घरात मराठी नव्हती.

दोन वर्षांपूर्वी शाळेतल्या एका बाईंनी आईला बोलावून सांगितलं होतं, की मुलगी बोलताना अडखळते, दोन भाषांचा गोंधळ होतोय, घरी फक्त इंग्रजीच बोला. बाई चांगल्या होत्या, त्यांनी काळजीनंच सांगितलं. आई डॉक्टर, जाणकारानं लिहून दिलेलं औषध ती वेळच्या वेळी द्यायची. त्याच संध्याकाळपासून तिनं सुरू केलं. बाबांनाही फोनवर बजावलं. सकाळची बुद्धवंदना तेवढी राहिली, कारण ती पालीत होती आणि ते काही बोलणं नव्हे. आम्ही दोघी मूर्तीपुढे मेणबत्ती लावून ती म्हणायचो, आणि वंदना संपली की आई उठून म्हणायची, "नाऊ पुट युअर शूज ऑन, प्लीज."

आईचं इंग्रजी वॉर्डातलं होतं. पूर्ण वाक्यं, बिनचूक, दमलेली. त्या भाषेत तिला मला रागावता येत नसे आणि माझे लाडही करता येत नसत. ती सारखी प्लीज म्हणायची. मला वाटायचं, आई माझ्याशी अशी परक्यासारखी का वागते, माझं काही चुकलंय का. विचारावं तर कोणत्या भाषेत, ते कळेना. हळूहळू मराठी माझ्या तोंडातून गेली. ऐकलेली होती, पण शब्द हाताशी येईनात.

अशाच एका जानेवारीच्या शनिवारी मी हानाच्या शेडच्या दारात उभी होते. रात्रभर पाला गोठला होता. हानानं अर्धं सफरचंद नासपतीच्या फांदीला खोचून ठेवलं होतं. त्यावर एक पक्षी आला. चिमणीपेक्षा सडपातळ, अंगानं राखाडी, डोक्यावर काळी टोपी, इतकी रेखीव की कोणी शाईत बुडवून काढली असावी. रॉबिन आला तर त्याला हाकललं, मग एकटाच सफरचंद टोचू लागला.

"हा कोण?" मी विचारलं. आम्ही इंग्रजीतच बोलायचो, अर्थात.

"ब्लॅककॅप," हाना म्हणाली.

"तुझ्या देशात पण असतो?"

हानाच्या हातात किटली होती, ती तशीच राहिली. ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले. मग ती अगदी हळू म्हणाली, "म्योन्शग्रासम्यूके."

आणि तिनं वळून मागे पाहिलं. शेडमध्ये कोणी नव्हतं. तरी तिनं पाहिलं.

मी तिला पुन्हा म्हणायला लावलं. तिनं म्हटलं. या वेळी जरा मोठ्यानं. तिसऱ्यांदा म्हणताना तिचा आवाजच बदलला. घशाच्या वेगळ्याच जागेतून येऊ लागला, एखाद्या तरुण मुलीचा असावा तसा. मी तिच्याकडे बघत राहिले. नेहमी पाहिलेल्या बाईच्या आत आणखी एक बाई आहे आणि ती आत्ता बोलली, असं मला स्पष्ट वाटलं.

"एवढा मोठा शब्द एवढ्याशा पक्ष्याला?"

"मोठा नाही तो. तीन छोटे शब्द आहेत, एकमेकांना चिकटवलेले. आम्ही तसेच जोडतो." तिनं बोटं पुढे केली, चिखलानं काळी झालेली. "म्योन्श म्हणजे संन्यासी, मठात राहणारा."

"म्हणजे भन्तेजी," मी म्हणाले. आमच्याकडे कधीमधी येणारे भिक्खू मला आठवले. "पण त्यांचं डोकं तर तुळतुळीत असतं."

"आमच्याकडच्यांना काळी टोपी असते. मग ग्रास. ते तर तुला येतंच, गवत. आणि म्यूके म्हणजे डास."

मी खूप हसले. भन्तेजी-गवत-डास. हानाही हसली, मग डोळे पुसत म्हणाली, "माझ्या वडिलांनी ऐकलं असतं तर छडी मारली असती."

तिचे वडील एका डोंगराळ गावात शाळामास्तर होते. रोज सकाळी फळ्याच्या कोपऱ्यात एका पक्ष्याचं नाव लिहायचे आणि मुलांना ते फोडायला लावायचे. या नावाशी सगळी मुलं हसली, तेव्हा ते म्हणाले होते, डास नाही तो. पक्ष्यात डासासारखं काय आहे, सांगा बरं?

"मग काय आहे?" मी विचारलं.

"फार जुना शब्द आहे," हाना म्हणाली. ती खाली बसली, तिचे डोळे माझ्या डोळ्यांसमोर आले. "हजार वर्षांपूर्वीचा, कदाचित त्याहून जुना. शेवटचा जो तुकडा, त्याचा अर्थ होता आत शिरणारी, अंग चोरून बिलगणारी. तू लहान होतीस तेव्हा गर्दीत आईच्या कोटात शिरायचीस ना, तसं. गवतात शिरणारी, हे तिचं खरं नाव. काही जण म्हणतात पहिला तुकडासुद्धा गवत नव्हे, राखाडी असा असेल. करड्या रंगाची, लपणारी. वडील म्हणायचे, दोन्ही असू शकतं, मी शपथ घेणार नाही. पण डास नक्की नाही."

"मग डास कुठून आला?"

"लोक तो जुना शब्द विसरले. त्याचा आवाज तेवढा उरला. नुसता आवाज तोंडात धरवत नाही माणसाला. मग त्याला जवळचं जे ऐकू आलं ते त्यानं त्यात भरलं."

"चुकीचं आहे तर कोणी दुरुस्त का करत नाही?"

"कशाला करायचं," ती म्हणाली. "आत ती आहेच की."

फांदीवरचा पक्षी तेवढ्यात उडाला आणि आयव्हीत शिरला. एकही पान हललं नाही. मी त्या पानांकडे पाहत होते आणि मला पहिल्यांदाच भीतीसारखं, पण भीती नव्हे असं काहीतरी वाटलं. हजार वर्षं लोक हे नाव घेत आले, शेतात, अंगणात, मुलांना दाखवताना, आणि त्यांच्या तोंडात, त्यांना पत्ता नसताना, एक विसरलेला शब्द अंग चोरून बसून होता. मेला नव्हता. मग मी रोज बोलते त्या शब्दांत कोण कोण बसलं असेल? मी शाळेत जाताना 'विंडो' म्हणायचे, 'ब्रेकफास्ट' म्हणायचे. त्यानंतर कित्येक दिवस मी कोणताही शब्द जपून उच्चारत होते, जणू जोरात म्हटलं तर आतलं कोणीतरी उडून जाईल.

"आणि तुमच्यात काय म्हणतात?" हानानं विचारलं.

मला येत नव्हतं. मी आईकडे धावत गेले. ती लीक्स उपटत होती. "मम, व्हॉट्स अ ब्लॅककॅप इन मराठी?"

आईनं फावडं जमिनीत रोवलं. कपाळावरचे केस मनगटानं मागे सारले. मला वाटलं ती आता विचारेल, हे कशाला हवंय तुला. ती म्हणाली, "वटवट्या." आणि मग थांबलीच नाही. "काळ्या टोपीचा आमच्याकडे नव्हता, पण याचेच भाऊबंद. भंडाऱ्याकडे तळ्याच्या काठानं पाणकणीस असते ना, त्यात असायचे. दिसत नसत, नुसती वटवट चालायची दिवसभर. तुझे आजोबा पोस्टमन. सायकलवर मला पुढं बसवायचे, तळ्यापाशी पाय टेकायचे अन् म्हणायचे, ऐक, आज कोणाची चुगली करून राहिले." ती हे सगळं मराठीत बोलली आणि बोलून झाल्यावर तिच्या लक्षात आलं. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी सगळं समजल्यासारखी मान हलवली. खरंच सगळं समजलं होतं.

त्या दुपारी चहा पिताना हानानं आईला विचारलं, "डॉक्टर, ही तुमची भाषा बोलत का नाही?"

आईनं शाळेचं सांगितलं. हानानं ऐकून घेतलं. मी हीटरपाशी मोजे वाळवत होते. मोठ्यांचं बोलणं ऐकायचं नाही असं मला कोणी त्या दिवशी सांगितलं नाही.

"मला सासूनं सांगितलं होतं," हाना म्हणाली. "या घरात ती भाषा नको. तिचा धाकटा मुलगा युद्धात मारला गेला होता. मी तिला दोष देत नाही. मी ऐकलं. ग्रॅहम पाळण्यात असताना गाणं ओठांपर्यंत यायचं, तेव्हा मी ओठ मिटून नुसती हुंकारायची. सासू गेली, नवरा गेला, मग बोलायला हरकत नव्हती. पण तोवर ग्रॅहम मोठा झाला होता आणि सवय मोडली होती. फार चांगला मुलगा आहे तो. पण त्याला माहीत असलेली आई एकवीस वर्षांची होऊन बोटीतून उतरली. त्याआधीची त्याला भेटलेली नाही."

आईनं कप खाली ठेवला, थोड्या वेळानं पुन्हा उचलला, तो रिकामा होता.

निघताना मी चिखलाच्या बुटांनी गाडीत चढले. आई गाडीत बसली, किल्ली फिरवली, इंजिन चालू झालं नाही तोच म्हणाली, "काहून गं? पाय झटकून बसायला काय होते तुला? सीटभर चिखल. कितीदा सांगायचं?"

दोन वर्षांत ती माझ्यावर पहिल्यांदा नीट रागावली होती. मला इतकं बरं वाटलं की रडू फुटलं. आईला वाटलं मी दुखावले, तिनं इंजिन बंद केलं आणि मला जवळ ओढलं. तिच्या कोटाला लीक्सचा आणि हॉस्पिटलच्या साबणाचा वास होता.

त्यानंतरची चार-पाच वर्षं माझ्या मनात एकच लांबलचक ऋतू होऊन बसली आहेत. मार्चमध्ये आयव्हीतला तो टकटक करणारा जायचा आणि एप्रिलमध्ये एल्डरच्या झाडीतून त्याच जातीचा दुसरा कोणी गायला लागायचा; आधी पुटपुट, मग एकदम बासरीसारखे मोकळे, भरलेले सूर. हाना कुदळ टाकून उभी राहायची. दर शनिवारी एक नाव द्यायची, फक्त नाव. जर्मनमध्ये पूर्ण वाक्य ती माझ्याशी कधी बोलली नाही. नावांपुरती तिनं स्वतःला परवानगी दिली असावी. कुंपणाच्या बुडाशी शेपटी उभारून फिरणारा तो मुठीएवढा रेन, तो त्सौनक्योनिश, कुंपणाचा राजा. रॉबिन म्हणजे रोटकेल्शन, इवलासा लालगळ्या. जुलैच्या संध्याकाळी घरांच्या ओळींवरून किंचाळत जाणारे स्विफ्ट म्हणजे माउअरझेगलर, भिंतींवरचे खलाशी. मी ते फोडायचे, हाना जोडायची आणि आई वाफ्यातून, मान वर न करता, मराठी नाव सांगायची. पाकोळी, ती म्हणायची. एखादं तिला आलं नाही तर त्या आठवड्याच्या पत्रात आजोबांना विचारलं जायचं.

ती सगळी नावं मी बियांच्या रिकाम्या पाकिटांच्या मागे पेन्सिलनं लिहिली होती. बीटच्या पाकिटावर कुंपणाचा राजा, वाटाण्याच्या पाकिटावर खलाशी. पाकिटं शेडमधल्या डब्यात होती. पुढे डब्याला गंज लागला, ओल शिरली, कागदाचा लगदा झाला. हानाची शेड एका वादळात बसली. पॅराफिनचे हीटर कोणी वापरत नाही आता. बडीशेपेची ती बिस्किटं मी नंतर अनेक ठिकाणी खाऊन पाहिली, पण ती इतकी कडक कुठेच नव्हती.

मी लंडनला शिकायला गेले त्या वर्षी हाना वारली. मला आईनं फोनवर सांगितलं, थोडक्यात. परीक्षा होती, मी अंत्यविधीला गेले नाही.

आई बादलीवर बसून होती. पाऊलवाटेवरून एक म्हातारा काठी टेकत आला, हातात थर्मास. तो ग्रॅहम होता. आईनं किल्ली देणार असल्याचं त्याला कळवलं होतं, मला सांगितलं नव्हतं. आता तो पंच्याहत्तरीचा आहे, हानाची पट्टी अजून करतो. त्यानं आईला चहा ओतून दिला आणि आयव्हीकडे कान देऊन म्हणाला, "हिवाळ्यातले हे आणि उन्हाळ्यातले ते वेगळे, माहीत आहे? आपल्याकडे उन्हाळ्यात असतात ना, ते दक्षिणेला जातात. हे जर्मनीच्या बाजूनं येतात. पक्ष्यांच्या पायात कडी घालून सोडतात ना, त्या लोकांनी मला सांगितलं. मदर नेहमी म्हणायची, हा आमच्याकडचा आहे. मी म्हणायचो, मदर, पक्ष्याला पासपोर्ट नसतो." त्यानं आयव्हीकडे बोट केलं. "तिचं बरोबर होतं."

तो लायब्ररीत जर्मनच्या क्लासला जातो म्हणाला. तिकीट कसं मागायचं ते येतं, स्टेशन कुठे आहे ते येतं. हानानं नावांबद्दल मला काय सांगितलं होतं ते त्यानं विचारलं. मी त्याला सगळं सांगितलं, संन्यासी, गवत, डास आणि डासाच्या आत लपलेली ती. त्यानं तो शब्द तीन-चार वेळा म्हणून पाहिला. त्याचा उच्चार ब्रिस्टलचा होता.

मग तो आईकडे वळला. "डॉक्टर, एक विचारू? बरीच वर्षं विचारायचं आहे."

आईनं मान हलवली.

"ती शेवटी वॉर्डमध्ये होती तेव्हा तिचं इंग्रजी गेलं होतं. फक्त जर्मन बोलायची. नर्सेसना वाटायचं बरळतेय, मला एक अक्षर कळायचं नाही. तुम्ही ड्युटी संपवून आलात आणि पडदा ओढलात. मी बाहेर खुर्चीवर बसलो होतो. अर्धा तास तुम्ही दोघी बोलत होतात. ती बोलायची, तुम्ही उत्तर द्यायचात, ती पुन्हा बोलायची. एकदा हसलीसुद्धा. मी तेव्हा विचारलं नाही. ती काय म्हणाली?"

"मला जर्मन येत नाही, ग्रॅहम," आई म्हणाली.

"पण तुम्ही बोलत होतात."

"मी मराठीत बोलत होते." आईनं थर्मासचं झाकण दोन्ही हातांत धरलं होतं. "तुझी आई काय म्हणाली ते मला कळलं नाही. ती थांबली की माझी पाळी आहे असं वाटायचं, म्हणून मी बोलायची. माझी आई गेली तेव्हा मला रजा मिळाली नव्हती. मी ऑन-कॉल होते आणि कोणालाच सांगितलं नव्हतं, पूर्ण शिफ्ट केली. ते मी हानाला सांगितलं. ती म्हणत होती, या, या."

"म्हणजे हो," ग्रॅहम म्हणाला.

"तेवढं कळलं मला."

आजी वारली तेव्हा आई भारतात गेली नव्हती हे मला माहीत होतं. का, ते मी कधी विचारलं नव्हतं, आणि तेव्हा मी नऊ वर्षांची होते, पण त्या वर्षातल्या कोणत्या दिवशी आईनं ती शिफ्ट संपवून घरी येऊन मला जेवायला वाढलं, हेही मला माहीत नव्हतं. मी तिच्यापुढे गवतात बसले. गोठलेलं दव कपड्यांतून आत यायला लागलं. ग्रॅहमनं स्वतःचा कप माझ्या हातात दिला आणि भिंतीपाशी जाऊन, पाठ करून उभा राहिला.

आईनं ग्रॅहमला चार वाक्यांत सांगून टाकलं होतं, इंग्रजीत. आता ती माझ्याकडे वळली आणि मी काही विचारायच्या आत मराठीत, अगदी सुरुवातीपासून, सांगायला लागली.